हिरव्या पडद्यावरचा तांबडा डाग

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. हिरवा म्हणण्याइतका रंग आता फक्त घडीच्या आत उरला आहे. ज्या बाजूला ऊन लागायचं, ती बाजू वाळलेल्या शेवाळासारखी झाली आहे. माझ्या अंगावर एका ठिकाणी बारीक भोकांचा पुंजका आहे आणि त्याच्या शेजारी एक तांबडा गोल डाग आहे. कुणाला वाटेल, कापड जुनं झालं की असं व्हायचंच. पण भोकं एका काळात पडली आणि डाग दुसऱ्या काळात. त्या दोन काळांमध्ये काय घडलं, ते मला सांगायचं आहे.

मी कुठल्या गिरणीत विणला गेलो ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते कुवेतमधल्या जाब्रियातलं एक मोठं घर. आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती आणि लोक आपापली घरं पुन्हा नीट करून घेत होते. त्या घरात काशिनाथ नावाचा सुतार खिडक्यांना लाकडी पट्ट्या बसवत होता. तो कुडाळजवळच्या एका गावातून कंत्राटावर आलेला होता. काम संपलं तेव्हा पडद्यांच्या ताग्यातला उरलेला तुकडा घरमालकिणीने त्याला देऊन टाकला. तो तुकडा म्हणजे मी.

काशिनाथ रिग्गईत कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहत असे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि एकावर एक लोखंडी खाटा. बायकामुलं गावी ठेवून आलेले पुरुष असे राहतात. तिथे प्रत्येकाची खोली म्हणजे त्याची खाट, आणि त्या खोलीचं दार म्हणजे खाटेभोवतीचा पडदा. पडदा ओढलेला असला की आतल्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, हा तिथला अलिखित नियम. इमारतीच्या तळमजल्यावर राजन नावाचा शिंपी होता. त्याने मला दुमड घातली, कड्या लावल्या आणि काशिनाथच्या सांगण्यावरून आतल्या बाजूला चष्म्यासाठी एक खिसा शिवून दिला.

दाट विणीचं कापड उजेड अडवतं, आवाज अडवत नाही. म्हणून त्या खोलीतलं बरंच काही मला ऐकून माहीत आहे. आतलं मात्र सगळं मी पाहिलेलं आहे. पहिल्या काही वर्षांत आत पाहण्यासारखं चांगलंच होतं. काशिनाथ सकाळी माझ्याआड बसून डोळे मिटून नाव घ्यायचा. वडील गेल्याची बातमी आली तेव्हा तो माझ्याआड रडला, आणि वरच्या खाटेवरच्या माणसाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या उशाशी, माझ्या आतल्या बाजूवर, एका सेफ्टी पिनेने एक फोटो लावलेला होता. त्याची बायको मुक्ता, आणि तिच्या कडेवर समिधा. समिधाच्या कपाळाला केवढं तरी मोठं काजळाचं बोट लावलेलं होतं.

वर्षातून एकदा मी पडदा नसायचो. गणपतीच्या आधी मला उतरवून धुतलं जाई, इस्त्री केली जाई आणि मखरामागे बांधलं जाई. गावाहून कुणीतरी पंच्यात गुंडाळून आणलेली वीतभर मूर्ती, काशिनाथने प्लायवूडचं कोरलेलं मखर आणि मागे मी. अहमदीच्या तेल कंपनीतले विजयकुमार नावाचे पुण्याचे इंजिनीअर दरवर्षी दर्शनाला येत. एकदा ते म्हणाले, "काशिनाथ, मखर झकास आहेच, पण हा पडदा कुठल्या दुकानातून आणलास रे?" काशिनाथ नुसता हसला. मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस पुरलं.

मग खोलीत चकत्या आल्या. पातळ, चकचकीत, कागदी पाकिटात घातलेल्या. शुक्रवारच्या बाजारात सिनेमांच्या चकत्या जुन्या कपड्यांसारख्या ढिगाने मिळत. काशिनाथने तिथूनच एक छोटं यंत्र घेतलं. झाकणात पडदा असलेलं, मांडीवर मावणारं. सुरुवातीला तो त्यावर मराठी सिनेमे पाहायचा आणि कानातली तार काढून इतरांनाही आवाज ऐकू द्यायचा. एके दिवशी विकणाऱ्याने सिनेमांच्या खाली वर काही न छापलेली एक चकती सरकवून दिली. ती काशिनाथने मागितली नव्हती. तिच्यानंतरच्या मात्र तो स्वतः मागून आणू लागला.

मित्रांनो, त्या चकत्यांवर काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्यांत माणसं होती आणि त्यांना माणसांसारखं वागवलेलं नव्हतं. ज्या नजरेने आपण दुकानातली वस्तू उलटीपालटी करून पाहतो, त्या नजरेने पाहण्यासाठी ती चित्रं बनवलेली होती.

ती लावण्याआधी काशिनाथ एक गोष्ट न चुकता करायचा. पिन काढायचा आणि फोटो उशीखाली पालथा ठेवायचा. नंतर परत लावायचा. पिन एकाच भोकात दोनदा जात नाही, म्हणून माझ्यावर भोकांचा पुंजका होत गेला. तो वाढला तसं आत आणखीही काही बदललं. सकाळचं नाव घेणं आधी लहान झालं, मग बंद पडलं. शुक्रवारी गावी फोन लावला की तो लवकर ठेवायची घाई करू लागला. त्याला मुक्ताशी बोलायचं नव्हतं असं नाही. तिचा आवाज ऐकून तो ओशाळायचा.

त्याने शपथ घेतली नाही असंही नाही. २००४ सालच्या गणपतीत, सगळे प्रसाद वाटण्यात गुंतले असताना, तो मूर्तीपुढे वाकला आणि पुटपुटला, "बाप्पा, परत नाय. तुझी आण." मी मागेच होतो, म्हणून ऐकलं. मूर्तीचं विसर्जन बालदीत झालं, मी खाटेवर परत आलो, आणि थोड्याच दिवसांत पिन पुन्हा निघाली.

त्या वर्षी विजयकुमारांनी आपल्या कॅमेऱ्याने आरतीचं चित्रण केलं आणि त्याची चकती काशिनाथला भेट दिली. ते ऐकून समिधा फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडली, की तिचं बोलणं माझ्यापर्यंत आलं.

"बाबा, चकती कोणाकडे धाडतास?"

"मुकेशकाका येतलो ना रजेर, तेच्याकडे."

"मी सगळ्या वाडीक सांगितलंय! चव्हाणांच्या टीव्हीर बघतलोव. आमचे बाई पण येतले!"

"बरा, बरा," काशिनाथ म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो फोनवर हसला होता.

मुकेश त्याच खोलीत राहायचा. आमच्या फ्लॅटमधले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ लक्ष्मीकांत, त्यांचा तो भाचा. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्याचं दुपारचं विमान होतं. सकाळी खोका दोरीने आवळता आवळता तो ओरडला, "काशिनाथदा, तुझा काय ता दी बेगीन! नायतर तुझ्या चेडवाक सांगतंय, बापूस निजलेलो होतो."

काशिनाथ घाईघाईने माझ्याकडे आला. माझ्या खिशात दोन कागदी पाकिटं होती. दोन्ही पांढरी, दोन्हींवर काहीच लिहिलेलं नव्हतं. एकावर नाव घालायची त्याला लाज वाटली होती, आणि दुसऱ्यावर घालायची गरज वाटली नव्हती. त्याने एक ओढून मुकेशला दिलं. मुकेशने ते समिधासाठी घेतलेल्या फ्रॉकच्या घडीत खोचलं. मुकेश निघाला, मामा त्याला खाली सोडून तसेच मित्राकडे गेले, आणि खोली रिकामी झाली.

दुपारी काशिनाथने मला ओढून घेतलं. पिन काढली. फोटो उशीखाली गेला. त्याने खिशातलं उरलेलं पाकीट काढलं, चकती यंत्रात घातली, तारा कानाला लावल्या.

आणि त्या छोट्या पडद्यावर गणपती आला.

वीतभर मूर्ती, मखरातले कोरलेले मोर, आणि त्यांच्या मागे मी. इस्त्री केलेला, सुरकुती नसलेला, माझं मलाही ओळखू येऊ नये इतका हिरवा. पुढे काशिनाथ डोळे मिटून टाळ्या वाजवत होता. खाटेवरचा काशिनाथ त्या काशिनाथकडे बघत राहिला. त्याचा हात यंत्रावर तसाच राहिला होता. मग त्याच्या लक्षात आलं, की गणपती इथे आहे तर दुसरी चकती कुठे आहे.

त्याने मला असा हिसका दिला, की एक कडी तुटून फरशीवर गेली.

बाहेर रफीक नुकताच जुम्म्याच्या नमाजाहून येऊन टोपीची घडी करत होता. रफीक दापोलीकडचा. कंपनीची पिकअप चालवायचा आणि दुसऱ्या खोलीत राहायचा. आमच्या खोलीतल्या खिडकीला वारा चांगला म्हणून शुक्रवारी इथे येऊन बसायचा.

"काय रे? भूत बघितलंस?" रफीक म्हणाला.

"रफीकभाई, गाडी हाय? विमानतळार जायचा आसा. आत्ताच."

"मुकेश काही विसरला का?"

खोटं सांगायला तो क्षण पुरेसा होता. चकती सदोष आहे, बदलायची आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तो घडाघडा खरं बोलू लागला, आणि बोलताना मला घट्ट धरून उभा राहिला. कोणती चकती, कशी गेली, ती चव्हाणांकडे लागणार आहे, समिधाने वाडी बोलावली आहे, तिच्या बाई येणार आहेत. "नि वाटेत कस्टमवाल्यांनी मुकेशची पेटी उघडली तर? तेका कायच ठावक नाय. माझ्यामुळे तो आत जायत."

रफीकने किल्ली उचलली. "चप्पल घाल," तो म्हणाला. एवढंच.

ते गेले. यंत्र खाटेवर उघडंच राहिलं होतं. त्यात आरती चालूच होती, तारांमधून मुंगीएवढा आवाज येत होता. मी लोंबकळत तिथेच होतो. मित्रांनो, कापडाला हात असते तर मी तो फोटो उशीखालून काढून सुलटा ठेवला असता.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा दोघं परत आले. काशिनाथच्या हातात पाकीट होतं. मुकेश रांगेत सापडला होता. दोरी सोडावी लागली म्हणून त्याने चार लोकांत काशिनाथला शिव्या घातल्या, आणि घाईत हे दोघे खरी चकती आणायलाच विसरले म्हणून वर हसलाही. खरी चकती रफीकने पुढच्या आठवड्यात जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायचं ठरवलं. काशिनाथने हातातल्या पाकिटातली चकती काढून दोन्ही हातांनी वाकवली. ती तुटायला वेळ लागला.

"तोडलीस ते बरं," रफीक म्हणाला. "पण दुकान चालू आहे, आणि रस्ता तुला माहीत आहे."

"माका ता कळता, भाई."

"आमच्या मौलवींनी एकदा सांगितलेलं, ते मी गाडी चालवताना धरून असतो. नजर चुकून पडली तर तो गुन्हा नाही. ती परत नेऊन टाकतोस, ती तुझी. आता आठवडाभरात रोजे लागतील. लोकांना वाटतं उपास पोटाचा. डोळ्यांचा त्याहून कठीण." तो थोडा थांबला. "आणि त्या पोरींनाही कुणीतरी बारशात नाव ठेवलं असेल रे. त्यांचाही कुठेतरी फोटो असेल, काजळ लावलेला."

काशिनाथ खाली बसला. उशीखालून फोटो काढून त्याने मांडीवर ठेवला.

संध्याकाळी लक्ष्मीकांत आले. दर शुक्रवारी आमच्या खोलीत भजन होई आणि पेटी तेच वाजवत. रफीक उठून आपल्या खोलीत गेला. काशिनाथने माणसं जमायच्या आत आपण होऊन लक्ष्मीकांतांना सगळं सांगितलं, शपथेसकट. मला वाटलं, ते चिडतील. भाचा त्यांचाच होता.

पण त्यांनी पेटी बाजूला सारली.

"तू बाप्पाक हवालदार समाजतंस," ते म्हणाले. "समोर आसलो की शपथ घेतंस, पाठ फिरली की मोकळो. तेका पाठ आसा खंय?"

काशिनाथ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"गावच्या देवळात जाताना पयलो हात कशाक लावतंस?"

"कासवाक."

"कित्याक?"

"आजो सांगायचो, म्हणान."

"कासव पाय नि डोक्या आत ओढून घेता, म्हणान ता थंय बसवलेला. आत ओढता. तोडून टाकणा नाय. येळ इली की भायर काढता नि चलाक लागता. देवान तुका मन दिल्यान, शरीर दिल्यान, घरकारीण दिल्यान. ह्या वायट नाय. खंय उघडायचा नि खंय ओढून घ्यायचा, ता शिकाचा."

"जमणा नाय, बुवा. एकटो पडलंय की जमणा नाय."

"मग एकटो पडा नको. ह्यो पडदो काढ."

मित्रांनो, हे ऐकून मी हादरलो. मला वाटलं, सगळा दोष माझ्यावर आला. पण लक्ष्मीकांतांनी मला स्वतःच्या हाताने उतरवलं आणि कपाटावरच्या देवांच्या तसबिरींमागे नीट बांधलं. "हंय ऱ्हांदे तो. तू उघड्यार नीज," ते म्हणाले. यंत्र त्यांनी बाहेर स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या मध्ये ठेवलं.

पाच माणसांच्या खोलीत उघड्यावर झोपणं सोपं नसतं. वरच्या खाटेवरचा बदरुद्दीन पहिल्याच दिवशी म्हणाला, "क्या काशीभाई, दरवाजा बेच दिया क्या?" सगळे हसले. काशिनाथही हसला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पुढच्याच आठवड्यात घट बसले आणि लगेच रोजे सुरू झाले. एका स्वयंपाकघरात लक्ष्मीकांतांसाठी उपासाची भगर आणि रफीकसाठी संध्याकाळचे खजूर असं शेजारी शेजारी मांडलेलं असायचं. काशिनाथ दोघांचंही करायचा. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्याने कारखान्यातले लाकडाचे उरलेले तुकडे आणून खेळणी करायला घेतली. सकाळी माझ्यासमोर, तसबिरींपुढे बसून तो पुन्हा नाव घेऊ लागला. डोळे मिटले की त्याला नकोच ते दिसायचं. हे मी त्याच्या कपाळावरून ओळखायचो. तो उठून जायचा नाही. ते दिसून जाईपर्यंत नाव घेत राहायचा.

तो एकदाही घसरला नाही, असं मी सांगणार नाही. त्या हिवाळ्यात तो एका शुक्रवारी बाजारात गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परतला. पण या वेळी त्याने शपथ घेतली नाही. सरळ रफीकच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "भाई, आज गेलेलंय." रफीक म्हणाला, "बरं, सांगितलंस ना. पुढच्या शुक्रवारी माझ्याबरोबर जहऱ्याला चल, माल पोचवायचा आहे." त्यानंतर पुष्कळ शुक्रवार काशिनाथ त्या पिकअपमध्ये होता.

पुढच्या गणपतीनंतर मखर उतरवताना लक्ष्मीकांतांनी मला हातात घेतलं आणि काशिनाथसमोर धरलं.

"घे. आता पडदो लाव परत."

"नको, बुवा. असाच बरा आसा."

"माणसाक निजाक आडोसो लागता," लक्ष्मीकांत म्हणाले. "नि एकटो बसाक येणा नाय, तो देवाकडे तरी कसो बसतलो? लाव."

तुटलेल्या कडीच्या जागी काशिनाथने तारेची कडी केली. मी परत खाटेभोवती आलो. त्याने मला ओढून घेतलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग त्याने फोटो काढला. या वेळचा फोटो नवा होता. समिधाचे पुढचे दोन दात पडलेले होते. भोकांच्या पुंजक्याला सोडून, शेजारच्या कोऱ्या कापडात त्याने पिन टोचली.

ती पिन तिथेच राहिली. कुवेतच्या उन्हाळ्यात समुद्राकडून दमट हवा येते, आणि आमच्या एसीचं पाणी भिंतीवरून ओघळायचं. ओलाव्यात लोखंड एका जागी राहिलं की गंजतं. आधी एक तांबूस ठिपका आला, मग त्याभोवती वर्तुळ आलं, मग ते पसरत गेलं. उन्हाळे आले नि गेले, वर्तुळ रुंद होत राहिलं. कुणी पिन काढत असतं, तर ते झालं नसतं.

२००९ साली काशिनाथ कायमचा गावी परतला. हत्यारांभोवती गुंडाळून त्याने मलाही आणलं. पिन कापडाला चिकटून बसली होती, ती त्याने पक्कडीने जपून काढली. गावी मुक्ताने मला अंगणात झटकलं, उजेडाकडे धरलं आणि भोकांमधून पलीकडे पाहिलं. त्याने तिला आधीच्या रजेत काय सांगितलं होतं, ते मला माहीत नाही. तेव्हा मी रिग्गईत होतो. ती स्वयंपाकघरातून लिंबू आणि मीठ घेऊन आली.

"गंजाचो डाग लिंबान जाता," ती म्हणाली.

"ह्यो नको काढू," काशिनाथ म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पुंजक्याकडे, मग डागाकडे. लिंबू चिरलेलं होतं. तिने ते तसंच आत नेलं आणि त्याचं सरबत केलं.

आता मी समिधाच्या अभ्यासाच्या कोपऱ्याला आडोसा देतो. मित्रांनो, तुमच्यापाशीही कुठेतरी एक पडदा असेल. कापडाचा नसला तर दाराचा, किंवा हातातल्या यंत्राचा. त्याच्याआड तुम्ही एकटे असाल, आणि नको ते कधीतरी न मागता समोर येईल. तेव्हा घाबरू नका. लपवू नका. नजर आत ओढून घ्या आणि जवळच्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. चप्पल घाल म्हणणारा कुणीतरी असतोच. आणि आपल्या माणसांचा फोटो ज्या जागी लावलेला आहे, त्या जागी तो राहू द्या.

मला धुवायला काढाल तेव्हा साबण लावा, घासा, पिळा. तो तांबडा डाग मात्र राहू द्या.